बहुधा खिडकीपाशी

त्याला सगळे ठिपकेवाला म्हणत. मेट्रनबाई तोंडावर 'सर' म्हणत आणि पाठ वळली की ठिपकेवाला. स्वयंपाकघरातली मंडळी एवढाही आडपडदा ठेवत नसत. त्याला राग यायचा नाही. त्या वृद्धाश्रमात प्रत्येकाच्या मनगटावर एक रबरी पट्टा असे आणि त्या पट्ट्याचा हिरवा ठिपका कार्यालयातल्या पडद्यावर दिसे. कोणते आजोबा जेवणघरात आहेत, कोणत्या आजी बागेच्या फाटकाकडे निघाल्या आहेत, ते त्या ठिपक्यांवरून कळे. ते मांडणारा हाच, तेव्हा नाव काही चुकीचं नव्हतं.

लोकांना वाटतं, ठिपका म्हणजे माणूस. तसं नसतं. आणि हे त्याला पक्कं ठाऊक होतं, म्हणून तर पुढचं सगळं जास्त लागतं.

मनगटावरचा पट्टा दर थोड्या वेळाने एक हाक मारतो, आपल्याला ऐकू न येणारी. भिंतींवर टांगलेल्या लहान डब्या ती ऐकतात. जवळच्या डबीला हाक मोठी ऐकू येते, लांबच्या डबीला बारीक. एवढ्यावर भागलं असतं तर आणखी काय हवं होतं! पण मध्ये लोखंडी कपाट आलं की हाक दबते, जाड भिंतीत मुरते, आणि माणसाचं अंग तर ती पिऊनच टाकतं. पट्टा घातलेल्या आजी नुसत्या कुशीवर वळल्या, तरी शेजारच्या खोलीत गेल्यासारखं वाटतं. म्हणून नोकरी लागल्यावर त्याने पहिलं काम काय केलं, तर पट्टा हातात घेऊन प्रत्येक खोलीच्या प्रत्येक कोपऱ्यात जाऊन उभा राहिला, चारी बाजूंना तोंड करून. तिथून मारलेली हाक कुठल्या डबीला किती ऐकू येते, ते यंत्राने टिपायचं. तेही एकदा नाही, पुन्हा पुन्हा, कारण एकाच जागेवरची हाक दर वेळी थोडी वेगळी ऐकू येते. तो असा भिंतीकडे तोंड करून उभा असताना एका आजोबांनी विचारलं होतं, "शिक्षा कशाबद्दल झाली रे तुला?"

ही टिपणी झाली की यंत्राचं काम सोपं. नवी हाक आली की ते बघतं: अशी हाक कुठल्या जागेवरून आली असण्याची शक्यता सगळ्यात जास्त? पलंगापाशी सत्तर टक्के, दारापाशी वीस, बाकी इकडेतिकडे. ज्या जागेचा टक्का मोठा, तिथे ठिपका. कोणी अंदाजपंचे म्हटलं की तो बिथरायचा. अंदाज खराच, पण मोजूनमापून केलेला, असं त्याचं म्हणणं.

सुरुवातीला ठिपक्याशेजारी तो टक्काही दिसत असे. मेट्रनबाईंनी पहिल्याच आठवड्यात हात जोडले.

"सर, तेवढा टक्का काढा हो. आजी खोलीत एकाहत्तर टक्के आहेत म्हणजे मी काय समजू? बाकीच्या एकोणतीस टक्के कुठे गेल्या?"

तो पोट धरून हसला आणि त्याने टक्का काढून टाकला. उरला तो नुसता ठिपका, अगदी ठाम.

त्याची आई तिथे आली ती नंतर. आयुष्यभर शिवणयंत्रावर बसून तिने दोन मुलं वाढवली होती, एक मुलगी आणि हा धाकटा. म्हातारपणी तिचं विसरणं वाढत गेलं. आधी चष्मा, मग गॅस, मग शेजारणीचं नाव. एक दिवस ती भाजी आणायला म्हणून गेली आणि संध्याकाळी बसस्थानकावर सापडली, तिकिटाच्या रांगेत उभी. कुठलं तिकीट हवंय, ते तिलाच माहीत नव्हतं. त्यानंतर त्याने तिला आपल्या वृद्धाश्रमात आणलं. "इथे ती निदान हरवणार नाही," असं त्याने परगावी राहणाऱ्या ताईला फोनवर सांगितलं, आणि सांगताना त्याचा आवाज जरा फुशारकीचाच होता. माणसाला आपल्या कामाचा अभिमान असावा, पण इतका कशाला?

पहिले काही महिने तो चहाच्या सुट्टीत रोज तिच्यापाशी जाऊन बसे. मोठ्या दालनात खिडकीपाशी तिची खुर्ची होती. तिथे बसून ती एकच रुमाल पुन्हा पुन्हा दुमडून त्याला टीप घातल्यासारखं करी, सुईदोऱ्याशिवाय. एका दुपारी तो आला तशी तिने वर पाहिलं आणि म्हणाली, "अहो, तो पंखा फार कुरकुरतोय. बघता का जरा?"

जिने त्याला आयुष्यभर अरेतुरे केलं, तिच्या तोंडून 'अहो' ऐकल्यावर त्याला काय वाटलं असेल, ते ज्याच्यावर ही वेळ आली त्यालाच कळेल. त्याने शिडी आणली आणि पंखा दुरुस्त केला. दुसरं काय करणार? खाली उतरला तेव्हा तिने विचारलं, "तुमच्या आई असतात का हो तुमच्याजवळ?"

"असतात."

"नशीबवान आहेत," आई म्हणाली.

डॉक्टरांनी त्याला समजावून सांगितलं होतं. हा आजार मागे फिरत नाही. पण अधूनमधून, कोणाकोणाला, अर्धा तास, तासभर सगळं लख्ख आठवतं. तेव्हा माणसं नाती ओळखतात, जुनं बोलतात, रडतात, हसतात. ती वेळ कधी येईल, येईल की नाही, हे सांगता येत नाही. "तुम्ही तेव्हा समोर असलात तर तुमचं नशीब," डॉक्टर म्हणाले.

तेव्हापासून त्याला एकच ध्यास लागला. आईने एकदा, जायच्या आधी एकदा, आपल्याला ओळखावं. नाव नाही आठवलं तरी चालेल, पण हा आपला आहे, एवढं तिला कळावं. त्या अर्ध्या तासाला आपण तिच्या समोर असावं.

मग तो तिच्यापाशी ठाण मांडून का बसला नाही? हाच तर प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर त्यालाही धड देता आलं नसतं. खरं सांगायचं तर ते 'अहो' त्याला सोसवेना. रोज आशेने जायचं आणि रोज पंखेवाला होऊन परत यायचं. एक दिवस कामाचं निमित्त झालं, तो गेला नाही. दुसऱ्या दिवशीही गेला नाही. मात्र आपल्या खोलीतल्या पडद्यावर त्याने तिचा ठिपका कोपऱ्यात मोठा करून ठेवला. त्याचा हिशोब साधा होता. ज्या दिवशी आईला लख्ख आठवेल, त्या दिवशी ती खुर्चीत बसून राहणार नाही. ती उठेल, फिरेल, कोणाला तरी शोधेल. ठिपका हलला की आपण धावायचं. कामही होईल आणि आईवर नजरही राहील. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच, पण त्याला तेव्हा ते सोयीचं वाटलं.

ताईचा फोन येई. "आई कशी आहे रे?"

"खिडकीपाशी आहे."

"मी कशी आहे विचारलं. तू कुठे आहे ते सांगतोयस."

त्याने विषय बदलला. ताईनेही ते पुढे ताणलं नाही. ती तिकडे संसारात अडकलेली. रागावण्याचा हक्क आपल्याला कितपत आहे, याचा हिशोब तीही करत असणार.

याच सुमारास ठिपक्यांनी नवा ताप दिला. मोठ्या दालनामागे एक जिना होता, तळघरातल्या लाँड्रीतून वर येणारा. त्याच्यावर फक्त चादरींचे गठ्ठे आणणाऱ्या बायकांची ये-जा, तीही दुपारच्या फेरीपर्यंतच. दालन आणि जिना यांच्यामध्ये एकच भिंत, त्यामुळे दालनात निवांत बसलेल्या आजी पडद्यावर अचानक जिन्यात उड्या मारू लागत. नर्स धावत जात, तर जिना रिकामा. दहादा असं झाल्यावर 'लांडगा आला रे आला' अशी गत झाली, आणि खरोखरच कोणी जिन्यात गेलं तरी नर्स उठणार नाहीत, अशी वेळ आली. मेट्रनबाई वैतागल्या. "सर, हे थांबवा. नाहीतर आम्ही तो पडदा झाकून ठेवतो."

त्याने ते थांबवलं. आणि इथेच त्याची चूक झाली, अशी चूक की या धंद्यातल्या माणसालाच सुचावी. यंत्राला फक्त हाकच नाही, माणसाची सवयही सांगता येते. अमुक आजी दुपारी बहुतेक कुठे असतात? तिथलं पारडं आधीच जड करून ठेवायचं. जिथे त्या कधीच जात नाहीत, तिथलं जवळजवळ शून्य. मग हाक जराशी इकडेतिकडे झाली तरी ठिपका जागचा हलत नाही. जिन्याचं पारडं त्याने असं शून्यावर आणून ठेवलं. आणि सवयी? त्या बघायला माणूस कोण बसवणार? त्या त्याने यंत्रालाच शिकायला लावल्या, जुन्या ठिपक्यांवरून. म्हणजे यंत्रानेच म्हणायचं, आजी खिडकीपाशी आहेत. आणि उद्या त्याचाच दाखला देऊन म्हणायचं, आजी नेहमीच खिडकीपाशी असतात. बोलणाराही तोच आणि साक्षीदारही तोच. दिवसेंदिवस यंत्राची खात्री वाढत गेली. ठिपके शहाण्या मुलांसारखे बसू लागले, आणि आईचा ठिपका तर सगळ्यात शहाणा.

मेट्रनबाईंनी त्याला स्वतः चहा आणून दिला. "आता कसं छान चाललंय," त्या म्हणाल्या.

त्या दिवशी तो आपल्या खोलीत एका बिघडलेल्या डबीची जोडणी करत होता. ही खोली म्हणजे त्या मागच्या जिन्याच्या मधल्या टप्प्यावरची जुनी अडगळ. तिला दोन दारं होती. एक कार्यालयाच्या बोळात उघडायचं, ते वापरातलं. दुसरं जिन्यात उघडायचं. त्यातून वारा येतो म्हणून त्याने त्याला कायमची कडी घातलेली. मध्येच तो पडद्याकडे पाही. आई खिडकीपाशी. जेवण झालं, आई खिडकीपाशी. ऊन कलू लागलं, आई खिडकीपाशीच.

चहाच्या वेळी मेट्रनबाईंचा फोन आला. "सर, तुमच्या आई कुठे आहेत?"

"खिडकीपाशी."

"मी खिडकीपाशीच उभी आहे. खुर्ची रिकामी आहे."

"असं कसं होईल? खिडकीच्या पडद्याआड बघा. नाहीतर बाजूच्या बाथरूममध्ये असेल." तो बोलत होता आणि त्याचे डोळे त्या हिरव्या ठिपक्यावर होते. मेट्रनबाई डोळ्यांनी बघून सांगत होत्या, तरी त्याचा विश्वास ठिपक्यावरच होता. "पट्टा काढून ठेवलाय का बघा खुर्चीवर."

पट्टा नव्हता. मग मात्र तो उठला. बोळातून तो तसाच धावत सुटला. सगळ्यांनी बाग पालथी घातली. फाटकावरचा पहारेकरी शपथेवर सांगत होता की कोणी बाहेर गेलेलं नाही. त्याच्यावर कोणाचा विश्वास बसेना. ठिपकेवाला स्वतः रस्त्यावर गेला, कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात विचारलं, बसथांब्यावर विचारलं. अंधार पडायला आला तेव्हा पोलिसांना कळवावं म्हणून आईचा फोटो आणायला तो आणि मेट्रनबाई त्याच्या खोलीत परत आले. पडद्यावर ठिपका होता तिथेच होता.

तो खणात फोटो शोधत होता. मेट्रनबाईंनी विचारलं, "हे दार कुठे उघडतं हो?" आणि कडी काढली.

दाराबाहेर पायरीवर आई बसली होती. केस नीट विंचरलेले, साडीचा पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेला, हात मांडीवर. थंडीने बोटं निळसर पडली होती.

"अगं बाई! काखेत कळसा नि गावाला वळसा," मेट्रनबाईंच्या तोंडून निघून गेलं, आणि लगेच त्यांनी जीभ चावली.

तो तिच्यापुढे गुडघ्यावर बसला. "आई," तो म्हणाला. "आई, इथे कशी आलीस तू?"

तिने त्याच्याकडे नीट, काळजीपूर्वक पाहिलं. मग ओशाळून हसली. "अहो, मला जरा माझ्या खोलीवर सोडता का? इथे माझं काहीतरी काम होतं. काय ते आठवतच नाहीये."

त्याने तिला खोलीवर नेलं, पायांत गरम मोजे घातले, पेल्याने चहा पाजला. ती दर घोटाला 'थँक्यू' म्हणत होती.

दुसऱ्या दिवशी त्याने यंत्रातून सवयी काढून टाकल्या आणि आदल्या दिवशीच्या हाका पुन्हा तपासल्या, नुसत्या हाका. सगळं स्वच्छ दिसलं. चादरींचे गठ्ठे नेताना जिन्याचं दार उघडं राहिलं असणार. आई दालनातून जिन्यात गेली, तळघराकडे उतरली. तिथे डबीच नव्हती, म्हणून हाका पार बारीक झाल्या, आणि यंत्राने सवयीने ठरवलं: खिडकी. मग ती वर आली आणि त्याच्या दाराबाहेर बसली. त्याच्या खोलीतली डबी त्या दारावरच टांगलेली. त्या दिवशी वृद्धाश्रमातली सगळ्यात मोठी हाक तिथे ऐकू येत होती, सबंध दुपारभर, आणि तो तिच्यापासून चार हातांवर पाठ करून बसला होता. जिन्यात शोधायचं कोणालाच सुचलं नव्हतं, कारण पडद्यावर आता तिथे कधीच कोणी नसे. यंत्राने ऐकलं होतं. त्याने शिकवलं होतं म्हणून ते मानलं नव्हतं.

पडद्यावर टक्के परत आले. सवयीचं पारडं त्याने कायमचं काढलं. ठिपके पुन्हा उड्या मारू लागले आणि मेट्रनबाई एका शब्दाने बोलल्या नाहीत. जिन्याच्या दाराची कडीही त्याने काढून टाकली. आणि तो रोज आईपाशी जाऊन बसू लागला, सुट्टी असो नसो. 'अहो' ऐकायचं, पंखा बघायचा, नशीबवान आईची चौकशी ऐकायची. आई भटकत भटकत तिथवर गेली असेल, अशी त्याने मनाची समजूत घातली होती. लख्ख आठवायची वेळ अजून यायची आहे, आणि आता ती आली की आपण समोर असणार, या भरवशावर तो बसून राहायचा.

ती वेळ आली नाही. काही महिन्यांनी एका सकाळी आई झोपेतच गेली. आदल्या दिवशी तिने त्याला सांगितलं होतं, "तुम्ही फार चांगले आहात हो." ताई आली, दोघं भावंडं तिच्या रिकाम्या पलंगावर बसली. "तुला ओळखलं का रे तिने कधी?" ताईने विचारलं. त्याने नकारार्थी मान हलवली. मग ताईने त्याचा हात आपल्या हातात घेतला, आणि तिने त्याला दोष दिला नाही, हेच त्याला जास्त जड गेलं.

त्यानंतर बऱ्याच दिवसांनी, एका दुपारी, जिन्याच्या बाजूचं दार वाजलं. लाँड्रीतल्या मावशी होत्या. लेकीच्या बाळंतपणाला म्हणून गेल्या त्या नातू आजारी पडला म्हणून तिकडेच अडकल्या होत्या. आजच कामावर परत आल्या होत्या.

"आल्या आल्या कळलं हो मला," मावशी दारातच उभ्या राहून म्हणाल्या. "फार वाईट वाटलं. किती गोड बोलायच्या तुमच्या आई!"

"तुमच्याशी कधी बोलली ती?"

"अहो, मी रजेवर निघाले ना, त्याच दुपारी. खाली लाँड्रीत आल्या आपल्या आपण. म्हणाल्या, माझा धाकटा इथेच कामाला आहे, तो कुठे बसतो हो? मी म्हटलं, नाव काय? तर नाव काही आठवेना. पण म्हणाल्या, उंच आहे, जरा वाकून चालतो, आणि डाव्या भुवईवर व्रण आहे. रांगत असताना माझ्या शिवणयंत्रावर आपटला होता, मी टाका घालत होते तेव्हा, माझं लक्ष नव्हतं. असं म्हणून डोळ्यांत पाणीच आलं त्यांच्या. मी म्हटलं, हात्तिच्या, हे तर आपले ठिपकेवाले सर! मग मीच हाताला धरून इथवर आणून सोडलं."

त्याने दाराची चौकट धरली.

"मी म्हटलं, वाजवा दार. तर म्हणाल्या, नको, तो कामात असेल. मी बसते इथे पायरीवर, काम झालं की येईलच बाहेर. मला गाडी गाठायची होती, मी निघाले. पण वाटेत सारखं मनात येत होतं हो." मावशींनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. "झाली ना भेट?"

"झाली," तो म्हणाला.

"ओळखलं ना त्यांनी?"

"ओळखलं. बघताक्षणी ओळखलं."

"चला, बरं झालं बाई. नाहीतर जन्मभर रुखरुख लागली असती मला," मावशी म्हणाल्या आणि चादरींचा गठ्ठा उचलून खाली उतरू लागल्या. जिन्याचं वळण ओलांडून त्या दिसेनाशा होईपर्यंत तो कसाबसा उभा राहिला. मग तो तिथेच दारात खाली बसला आणि हमसून हमसून रडला.